खलाशाला वाचून दाखवलेलं पुस्तक

देवीदास : मावशी, मी ऐकायला नाही आलो. मी तिले न्यायला आलो.

तुळसाबाई : न्या ना. तुमची सख्खी बहीन हाये, तुमाले कोन अडवते? पन कमल रुआबांध्याच्या बजारात गेली. ती येईपर्यंत तं बसाच लागन. घ्या, पानी घ्या. उन्हाचे आले तुमी.

देवीदास : डोंगरगडला आमच्या लाइनवरचा एक फायरमन सांगत होता. म्हणे, तुझा जवाई बायकोशी बोलत नाही, भिलाईचा सारा कॅम्प जाणते. मले माझ्या बहिणीची हालत दुसऱ्याच्या तोंडून समजावी? तुम्ही तर भिंतीला भिंत लागून राहता. तुम्हीही काही कळवलं नाही.

तुळसाबाई : बोलत नाही असं नाही, भाऊ. पानी दे म्हन्ते. भात झाला का म्हन्ते. बोलते तो. आयकत नाही.

देवीदास : म्हणजे तिचं काही मानत नाही.

तुळसाबाई : नाही. आयकत नाही म्हंजे आयकतच नाही. देवरावचे कान गेले. तिनं हेबी नाही लिवलं तुमाले?

देवीदास : नाही. दिवाळीला मी आलो होतो, तेव्हा तर माझ्याशी चांगला बोलत बसला होता.

तुळसाबाई : तवा थोडं येत होतं. आधी नागपूरले रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर ठोकाले होता ना, तिथंच कान पोखरले त्याचे. इथं पोलादाच्या भट्टीच्या बांधकामावर आला तं रातदिवस रिव्हेट मारनं चालू. उरलंसुरलं इथं गेलं. पन कोनाले पत्ता लागू देल्ला नाही त्यानं. पहिले कमलले समजलं. अन ते समजलं तुमच्या पुस्तकापाई.

देवीदास : कोणतं पुस्तक?

तुळसाबाई : भाऊबीजेच्या ताटात टाकलं होतं तुमी. जहाजाचं चित्र हाये वरतं.

देवीदास : ते चाच्यांचं? ते तर गाडीत कोणी पॅसेंजर विसरून गेला होता. मागायला कोणी आलं नाही. मी काही वाचलं नाही ते. कमलले लहानपणापासून वाचायची हौस, म्हणून आणून दिलं.

तुळसाबाई : तेच. दिवाळी झाल्यावर एक दिवस ती दारात बसून वाचून राहिली होती. देवराव कामावरून आला, हातपाय धुतले, अन इचारलं का काय हाये त्यात. तिनं सांगतलं, समुद्रावरच्या डाकूंची कथा हाये. एक पोट्टा सोता सांगते, का मले बंदरावरून कसं पळवलं, जहाजावर कसं कामाले लावलं. तो म्हने, मंग मोठ्यानं वाच, मले कुठं अक्षर येते. तिनं एक पान वाचलं. त्यात आलं का खलाशांनी दोर वढले. तसा हा टेकून बसला होता तो सरळ झाला. ठेकेदाराच्या हजेरीत याच्या नावापुढं काय लिवलं हाये? खलाशी. लोखंडाचे पत्रे दोरानं अन चाकानं वर चढवाचे, हेच त्याचं काम. त्याले वाटलं, हे आपल्यावरच लिवलं कोनीतरी.

देवीदास : रेल्वेतही खलाशीच म्हणतात. आम्हाले कधी वाटलं नाही, की हा शब्द जहाजावरचा आहे.

तुळसाबाई : त्यालेबी कुठं मालूम होतं? समुद्र त्यानं जन्मात पाह्यला नाही. वैनगंगेचा पूर तेवढा पाह्यला. मंग काय, रोजचंच झालं. सांजेले हा घरी आला, का चहा अन पुस्तक. आनि दुसऱ्या दिवशी जेवनाच्या सुट्टीत तेच हा आपल्या गँगले सांगे. माहा चिंधू त्याच्याच गँगमंधी हाये ना, घरी येऊन मले सांगे, का माय, आज असं झालं, डाकूंचं दुसऱ्या जहाजाशी जुंपलं. कामावर ते आरडतात ना, आर्या म्हनलं का दोर सोडाचा, हबेस म्हनलं का वढाचा. तिथं मुंबईच्या गोदीतून आलेला एक म्हातारा होता. तो म्हने हे शब्द जहाजावरचेच हायेत. देवराव त्या दिवशी घरी आला तो हसतच. कमलले म्हने, पाह्यलं, आमीबी जहाजावरचेच लोक हावो. जहाज तेवढं नाही.

देवीदास : असा होता तो. खुशमिजाज. म्हणूनच तर आम्ही दिली तिले.

तुळसाबाई : मीबी जाऊन बसत होती आयकाले. एकदा त्या पोट्ट्याले डाकूंनी दोराले बांधून पान्यात सोडलं. मी तं आरडलीच, मेला गं पोट्टा म्हनून. देवराव डोळे मिटून बसला होता, तसाच म्हने, मावशी, भिऊ नका. तो सोताच सांगून राहिला ना, म्हंजे वाचला तो. मेलेला मानूस कुठं मी म्हनून सांगते.

देवीदास : डोळे मिटून ऐकायचा?

तुळसाबाई : पहिले पहिले. भिंतीले टेकून, डोळे मिटून, तोंडात न पेटवलेली बिडी. मंग थंडी सरली तसा तो डोळे उघडून बसाले लागला. मंग समोर बसाले लागला. मंग जवळ सरकून, तिच्या तोंडाकडं टक लावून. ती वाचे अन हा तिचं तोंड पाहे. मी कमलले चिडवलंबी, का बाई, लगनाले इतके वर्स झाले अन आता काय पाहून राहिला तो. ती लाजली. तिलेबी तेच वाटलं होतं ना, भाऊ. लेकरूबाळ नाही, घरात दोघंच. नवऱ्याले आपलं तोंड पाहावंसं वाटते, हे कोन्या बाईले नको? सांज झाली का ती वेणी घाले, कुंकू नीट करे, मंग पुस्तक घेऊन बसे. मी सोता पाह्यलं हाये.

देवीदास : आणि तो ओठ पाहत होता.

तुळसाबाई : हो. ओठ पाहत होता.

देवीदास : तिले कसं समजलं?

तुळसाबाई : एका सांजेले कंदिलाची काच तडकली. उजेड कमी होता, म्हनून तिनं पुस्तक डोळ्यापाशी धरलं, असं, तोंडाच्या समोर. ती वाचूनच राहिली होती. अन हा म्हने, थांबली काऊन? वाच ना. तिले वाटलं, मस्करी करते. ती वाचत गेली. त्यानं पुन्ना म्हनलं, थांबली काऊन? मंग तिनं पुस्तक खाली केलं अन त्याच्याकडं पाह्यलं, अन तिले सारं समजलं. तिनं तोंड न हालवता हाक मारली म्हने, घशातून. तो पाहतच राहिला तिच्याकडं, आता ती पुढचं वाचन म्हनून.

देवीदास : मावशी, तुम्हाले हे तिनं सांगितलं?

तुळसाबाई : लय दिवसांनी सांगतलं. तवा नाही. तवा त्यानं तिच्याकडून शपथ घेतली होती, का कोनाले सांगाचं नाही. बहिऱ्या खलाशाले कोन ठेवते? तो म्हने, मी हात पाहतो, तोंड पाहतो, माहं काम अडत नाही. भट्टीचं तेवढं उभं होऊ दे. अन खरंच अडत नव्हतं. दोर गुंडाळाच्या विंचवर बसून तो चिंधूच्या तोंडाकडं पाहे, अन चिंधू आर्या म्हनो का हबेस, याचा हात बरोबर चाले. ती चूप राहिली. रोज वाचे, पुस्तक खाली धरून, तोंड उजेडात ठेवून, सावकास. त्याले दिसलं पाहिजे म्हनून.

देवीदास : मग बिघडलं कुठं?

तुळसाबाई : चैतातला वारा सुटला. इथली लाल माती तुमाले मालूम हाये, डोळे उघडू देत नाही. चिंधूनं तोंडाले गमछा बांधला. वरतं पत्रा लटकून राहिला होता, खाली चिंधू. त्यानं वढ म्हनून आवाज देल्ला, गमछ्यातून. देवरावले तोंड दिसलं नाही. त्यानं अंदाजानं दोर सोडला. पत्रा खाली आला, भाऊ. माह्या पोराचा गमछा त्याच्याखाली राहिला अन पोरगा बाजूले पडला. इतकंच अंतर. सांजेले घरी आला अन हसून सांगत होता मले, का माय, वाऱ्यानं आवाज उडवून नेला, नाहीतं आज गेलोच होतो. कमल इथंच बसली होती, माह्यासंगं तांदूळ निवडत. तिचे हात थांबले. ती उठली अन घरी गेली. सूप तसंच राहिलं.

देवीदास : आणि तिनं जाऊन सांगितलं.

तुळसाबाई : लपून नाही सांगतलं तिनं. त्या सांजेले पहिले त्यालेच म्हनलं, का तुमी सांगा, नाहीतं मी सांगन. तो हात जोडत होता तिच्यापुढं. भट्टी पेटेपर्यंत थांब म्हने. ती म्हने, अन उद्या चिंधू गेला तं मी तुळसामावशीकडं कसं पाहू? सकाळी ती त्याच्या मागंमागं कामावर गेली. फोरमन हाये एक, पंजाबराव. त्याले सांगतलं. पंजाबराव काही वाईट मानूस नाही. पन त्यालेबी पटेना. त्यानं सारं काम थांबवलं, रिव्हेट मारनं थांबवलं, अन देवरावच्या मागं जाऊन उभा राहिला. गँग सारी पाहून राहिली होती. त्यानं हाक मारली, देवराव. मंग मोठ्यानं. मंग अजून मोठ्यानं. हा दोराची गाठ सोडून राहिला होता, तो सोडतच राहिला.

देवीदास : पुरे, मावशी.

तुळसाबाई : आयका. मंग त्याले काही वाटलं असन, तो वळला. पाहते तं सारे काम सोडून उभे. पंजाबराव मागं. अन बाजूले कमल. तिनं त्याले तिथंच सांगतलं, मी सांगतलं म्हनून. तोंडानं सांगतलं, सगळ्यांपुढं. चिंधू म्हन्ते, देवरावकाकानं तिच्याकडं पाह्यलं, विंचवरून उतरला अन बाजूले जाऊन बसला. त्यायनं त्याले काढलं नाही. हथखोजच्या वाटेवर ठेकेदाराचं सामान पडलं हाये, तिथं राखनीले बसवलं. पगार उतरला, पन हाये.

देवीदास : आणि तेव्हापासून तो तिच्याशी असा वागते.

तुळसाबाई : तवापासून तो तिचं तोंड पाहत नाही. चिंधूचं तोंड पाहते, दुकानदाराचं पाहते, माहं पाहते, सारं समजते त्याले. एक तिच्याकडंच पाहत नाही. ती समोर येऊन उभी राहिली, तं खाली पाहते. सांजेले जेवला, का भिंतीकडं तोंड करून बसते. ती त्याच्या पाठीशी बोलते. किती दिवस ती माफी मागत होती, भाऊ. मले इकडं आयकू येत होतं. ज्याले आयकू जावं, त्याले नाही. आता तीबी बोलत नाही. पुस्तक फळीवर पडलं हाये, अर्ध्यात. मी म्हनलं, तू तं वाच पुढचं. म्हन्ते, एकटीनं वाचनं मले जमनार नाही, मावशी.

देवीदास : तिनं तुमच्या पोराचा जीव वाचवला. आणि त्याची ही शिक्षा.

तुळसाबाई : म्हनून तं मी तुमाले न्या म्हन्ते, भाऊ. माह्या घरात पोरगा जेवाले बसते, अन भिंतीपलीकडं ती एकटी बसून राहते, मले घास जात नाही. पन नेन्याआधी देवरावले एकडाव भेटा. तुमच्या तोंडाकडं तो पाहीन.

देवीदास : भेटतो. मलेही त्याला काही विचारायचंच आहे. ते सामानाचं यार्ड कुठल्या बाजूला म्हणाल्या?

(दिवस मावळतीला. देवीदास परत आला आहे. तुळसाबाईच्या दारात आता कमल म्हणजे कमलिनीही बसली आहे, बजाराची पिशवी अजून मांडीशी.)

तुळसाबाई : घ्या, आले. काय म्हने? भांडले तं नाही ना?

देवीदास : भांडायलाच गेलो होतो. कमल, तू आत जातेस का थोडी?

कमलिनी : नाही दादा. माझ्यासमोरच सांग. माझ्यामागं पुष्कळ झालं बोलून.

देवीदास : लोखंडाच्या ढिगाजवळ एका पेटीवर बसला होता. मले पाहून उठला, पाया पडला. तब्येत उतरली त्याची. मी त्याच्यापुढं उभं राहून जेवढं तोंडात आलं तेवढं बोललो. माझ्या बहिणीनं काय गुन्हा केला म्हटलं. तुझ्या हातून माणूस मेला असता, तर तू जन्मभर झोपला असता का? तो सारं पाहत होता. मग म्हणाला, तिनं केलं ते बरोबर केलं. चिंधू गेला असता, तर मी भट्टीतच उडी टाकली असती.

तुळसाबाई : मंग?

देवीदास : मीही तेच विचारलं. मग हे काय चालवलं म्हटलं. तो सांगायला लागला. फार मोठ्यानं बोलते आता तो, त्याले स्वतःले समजत नाही. चौकीवरचा दुसरा माणूस ऐकत होता, म्हणून मी त्याले दूर घेऊन गेलो. तिथं त्यानं सांगितलं. कमल, तू वाचायची ना, पहिले त्याले खरंच ऐकू यायचं. मग आवाज कमी कमी होत गेला. पण तुझे ओठ हलताना दिसले, की तुझा आवाज त्याच्या डोक्यात आपोआप यायचा, जसाच्या तसा. त्याले वाटे, ऐकूच येऊन राहिलं. आवाज कुठं संपला आणि आठवण कुठं सुरू झाली, हे त्यालेही नाही समजलं.

कमलिनी : मलेही नाही.

देवीदास : त्या दिवशी कामावर, तो वळला आणि तू म्हणालीस, मी सांगितलं. ओठावरून त्याले शब्द समजला. पण आवाज नाही आला. पहिल्यांदा. नुसते ओठ हलले. म्हणाला, दादा, अनोळखी बाई बोलल्यासारखं दिसलं ते. तो घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. तिथं पडल्या पडल्या त्याले ऐकू यायला लागलं. तू वाचून राहिली होतीस. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून. तो पोरगा बोलत होता, मी, मी करून, आणि आवाज तुझा.

तुळसाबाई : अरे देवा.

देवीदास : तेव्हापासून रोज. भिंतीकडं पाहिलं, की तू वाचतेस. तू समोर आलीस आणि त्यानं तुझं तोंड पाहिलं, की आवाज बंद पडते, नुसते ओठ राहतात. मग पुन्हा यायला दोन दोन दिवस लागतात. प्रत्येक वेळी थोडा कमी होऊन येते, म्हणाला. म्हणून तो पाहत नाही. आपल्याजवळ तेवढंच राहिलं, म्हणाला, ते खर्च होऊ द्यायचं नाही.

कमलिनी : म्हणजे मी मागं बसून रडत होती, तेव्हा...

देवीदास : तेव्हा तो तुलेच ऐकत होता.

तुळसाबाई : मंग हे तिले सांगाले काय झालं होतं त्याले? तोंड तं हाये ना.

देवीदास : तेही विचारलं मी. म्हणाला, सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ठीक आहे. आणि ती ठीक आहे म्हणते ते पाहायला मले तिच्या तोंडाकडं पाहावं लागलं असतं.

कमलिनी : कुठपर्यंत ऐकू येते म्हणाले?

देवीदास : जिथं तुम्ही वाचायचं थांबलात, तिथपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

कमलिनी : पुढचं येणारही नाही.

देवीदास : नाही.

तुळसाबाई : कमल, बाई, पानी देऊ का तुले?

कमलिनी : नको, मावशी.

देवीदास : मी त्याले शेवटी विचारलं, तिले नेऊ का. म्हणाला, ती इथं असली तर तोंड दिसते. गेली तर आवाजही जाईल का, हे मले माहीत नाही. तिलेच विचार म्हणाला. म्हणून विचारतो, कमल. सकाळची पॅसेंजर आहे. तिकिटाचं मी पाहतो.

कमलिनी : तू जा, दादा. मी नाही येत.

देवीदास : इथं राहून काय करशील? तो पाहणार नाही तुझ्याकडं. आजही नाही, उद्याही नाही.

कमलिनी : नको पाहू देत. मी त्यांच्या मागं बसत जाईन. आतापर्यंत समोर समोर करत होती, ती चूक झाली. आता ताटही मागूनच ठेवत जाईन.

तुळसाबाई : असं किती वर्स काढशीन, पोरी?

कमलिनी : ते यायची वेळ झाली, मावशी. भात टाकायचा आहे.

देवीदास : आणि घरी तुझी वहिनी विचारेल, त्याचं मी काय सांगू? त्या बिचारीनं नवस बोलला आहे, जवाईबापूंचा राग जाऊ दे म्हणून.

कमलिनी : वहिनीला म्हणावं, राग नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं, दादा. राग कधीतरी उतरते.